गळा बंद असताना ऐकलेला गंधार

आदरणीय बाई, गुरुबंधू-भगिनींनो आणि श्रोतेहो,

आवडते गायक आणि त्यांच्याकडून मिळालेली प्रेरणा, या विषयावर विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी बोलावे असे बाईंनी सुचवले आणि ते काम माझ्याकडे आले. आवडत्या गायकांची यादी करायला बसले तर ती लांबत जाईल. मल्लिकार्जुन मन्सुरांचा एखादा अनवट राग सकाळी कानावर पडला की तो दिवसभर साथ सोडत नाही, आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातली लयीची पकड ऐकताना आपण अजून किती कच्चे आहोत हे दर वेळी नव्याने कळते. तरीही आज मी या सर्वांविषयी बोलणार नाही. ज्यांचा गळा आयुष्याच्या एखाद्या टप्प्यावर बंद पडला होता, अशा काही गायकांविषयीच बोलणार आहे, कारण त्यांच्याकडे मी वळले ती माझा स्वतःचा गळा बंद असतानाच.

तीन वर्षांपूर्वी परीक्षेच्या आधी मी रियाज अंगाबाहेर वाढवला होता. बसलेल्या आवाजावरही ताना घोटत राहिले आणि स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी पहिले काही आठवडे पूर्ण मौन सांगितले आणि पुढे चार महिने गाणे बंद. त्या काळात बाईंनी मला एकच काम दिले होते. रोज सकाळी तानपुरा लावायचा आणि अर्धा तास नुसता छेडत बसायचे. गायचे तर नाहीच, गुणगुणायचेही नाही.

खरे सांगायचे तर त्याआधी सात वर्षे मी तानपुरा लावत होते, पण तो लावून मोकळी होत होते. पंचमाची तार जुळली, षड्जाची जोडी जुळली, खालच्या षड्जाची म्हणजे खर्जाची तार जुळली की लगेच तोंड उघडायचे. आता तोंड उघडायचेच नव्हते. घोडीवर खर्जाच्या तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवत राहायचे आणि जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झंकार, कुठे उघडते ते पाहायचे, एवढेच हाती उरले होते. साधारण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दोरा नेमक्या जागी आला आणि खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, ऐकू आला. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे मी परीक्षेत लिहिलेले होते. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा तो स्वरांश असतो, हेही मला पाठ होते. पण तारेवर कोणीही न लावलेला तो स्वर, षड्ज विरत असताना त्याच्या पोटातून हळूच वर येतो आणि क्षणभर थांबतो, हे तोवर मी कधी ऐकलेच नव्हते. सात वर्षे तो माझ्या मांडीजवळ वाजत होता आणि माझाच आवाज त्याच्या आड येत होता.

त्यानंतर मी कुमार गंधर्वांची ध्वनिमुद्रणे नव्याने ऐकू लागले. त्यांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली दहा-बारा वर्षांच्या वयात मोठमोठ्यांच्या मैफली डोळे मिटून जशाच्या तशा उभ्या करत. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांची रीतसर तालीम झाली. मग क्षयाने गाठले आणि 1948 च्या जानेवारीत, हवापालटासाठी म्हणून, ते देवासला आले. पुढची चार-पाच वर्षे गाणे बंद होते. स्ट्रेप्टोमायसीन तेव्हा नुकतेच मिळू लागले होते आणि भानुमतीबाईंनी केलेली शुश्रूषा तर सर्वश्रुतच आहे.

या आजारपणाची गोष्ट आपल्याकडे फार वेळा अशी सांगितली जाते की फुप्फुस दुबळे झाले, दमसास कमी पडू लागला, म्हणून कुमारांनी छोट्या छोट्या स्वरवाक्यांची गायकी घडवली. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. श्वास कमी पडला तर गाणे आखडेल, पण नवे कसे होईल? नवे झाले ते त्या वर्षांत खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी जे ऐकले त्यामुळे. माळव्यातल्या बाया सणासुदीला, लग्नकार्यात, दळणकांडण करताना जी गीते गात, ती त्यांच्या कानावर पडत होती. गाता येत नव्हते आणि कान मात्र मोकळा होता. तीन-चार, फार तर पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुना त्यांनी जमवल्या, त्यांचे स्वरलेखन केले, आणि अशा धुनांमध्येच रागाचे बीज असते हा विचार पुढे मांडला. त्यातूनच त्यांचे धूनउगम राग आले. मालवती, सहेली तोडी, संजारी, लगनगंधार, मधसुरजा ही त्यांतली काही नावे. 1965 साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा या कामाचा आवाका सर्वांसमोर आला.

तानपुऱ्याच्या बाबतीत कुमारजी किती काटेकोर होते हेही प्रसिद्ध आहे. पूर्वी तो मला एका मोठ्या कलावंताचा हट्ट वाटत असे. आता वाटते की ज्याने वर्षानुवर्षे फक्त ऐकलेले आहे, त्याला जरासुद्धा हललेला तानपुरा सहन होणेच शक्य नाही.

माझी दुसरी ओढ किशोरीताई आमोणकरांकडे आहे. विशी-पंचविशीच्या वयात त्यांचाही आवाज गेला होता आणि सुमारे दोन वर्षे त्यांना गाता येत नव्हते. मोगूबाईंसारखी आई आणि गुरू, जयपूर-अत्रौली घराण्याची कडक तालीम, आणि गळ्यातून स्वर निघत नाही. त्या घरातली ती शांतता कशी असेल याची मी पुष्कळदा कल्पना केली आहे. पुढे त्यांनी रागाच्या भावाला, वातावरणाला जे स्थान दिले, त्यासाठी घराण्याच्या शिस्तीतून वेळप्रसंगी बाहेर पडण्याची जी तयारी दाखवली, तिची मुळे त्या न गायलेल्या काळात असावीत, असे मी समजते. त्यांचा भूप ऐका. भूप आणि देसकार यांत तेच पाच स्वर आहेत. भूप गंधारावर विसावतो आणि देसकार धैवतावर. हा फरक पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येतो. पण किशोरीताईंचा गंधार लागतो तेव्हा तो कुठून उडी मारून आलेला नसतो. तानपुऱ्यात तो आधीपासून असतोच, त्या फक्त त्याच्यात मिसळतात. त्या चार महिन्यांनंतर मी तो भूप ऐकला आणि पहिल्यांदाच मला कळले की त्या आलाप सुरू करताना इतक्या थांबतात का.

अभ्यास करताना एक धागा असा हाती आला की मी काही वेळ पुस्तक मिटून बसले. कुमारजी आणि किशोरीताई या दोघांनीही काही काळ अंजनीबाई मालपेकरांकडे तालीम घेतली होती. भेंडीबाजार घराण्याच्या या थोर गायिकेचाही आवाज तरुणपणी गेला होता आणि पुढे परत आला होता. ऐन कीर्तीत असताना, चाळिशीच्या सुमारास, त्यांनी मैफली सोडल्या आणि शिकवण्यात आयुष्य घालवले. आणि आमच्याच जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष अल्लादिया खाँसाहेब? आमलेटा संस्थानाच्या दरबारी सतत गाऊन त्यांचा गळा बसला आणि पूर्वीचा भरदार आवाज काही परतला नाही, असे परंपरेने सांगितले जाते. त्या राहिलेल्या आवाजात त्यांनी लयीला बिलगून चालणारी, वक्र, पेचदार गायकी रचली. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने तिचा महाराष्ट्रभर विस्तार झाला. आज आम्ही जी तान जीव तोडून बसवतो, तिचा आकार एका बसलेल्या गळ्याने ठरवलेला आहे.

यावरून आवाज जाणे हे भाग्याचे लक्षण आहे असे कोणी समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गळा दुखत असताना गाऊ नका. क्षयाने त्या काळात कितीतरी गाणारे गळे कायमचे बंद केले, त्यांची नावेही आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

माझा आवाज परत आला तेव्हा मी एक मोठी चूक केली. इतके महिने ऐकलेले किशोरीताईंचे गाणे माझ्या गळ्यातून जसेच्या तसे निघू लागले. तोच लगाव, तोच शब्दोच्चार, थांबण्याच्या जागासुद्धा त्याच. मला त्याचा आनंद झाला होता. बाईंनी दहा मिनिटे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘हे त्यांनी जिथून घेतलं, तिथे तू कधी गेलीस?’’ मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नामुळे मी गेल्या वर्षी गावी आजीकडे जाऊन राहिले. आजीचे जाते आता परसात उलटे पडले आहे, पण ओव्या तिला आठवतात. तिची ओवी मंद्र निषादापासून निघते, षड्जावर टेकते, ऋषभ घेते आणि गंधारापर्यंत जाऊन परत फिरते. चार स्वरांत सगळा संसार. तो गंधार मी तानपुऱ्यावर ताडून पाहिला. तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ‘भाऊ’ हा शब्द आला की तो जरा चढतो. आजीला मी तो स्वर पुन्हा लावायला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं, तो मी लावत नाही, तो जात्याच्या फेऱ्यात येतो.’’

म्हणून आम्ही दोघींनी ते जाते सरळ करून घेतले, त्याला नवा खुंटा बसवला आणि मूठभर तांदूळ घातले. ओवी दळताना ऐकली. हात पुढे ढकलताना स्वर चढत होता आणि स्वतःकडे ओढताना उतरत होता. त्या चढ-उतारावर मी एका बंदिशीचा मुखडा बांधला आहे. अंतरा अजून सुचलेला नाही. बाईंनी तो मुखडा ऐकला आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा बदलायला सांगितली आहे; सध्या मी त्यावर काम करते आहे.