कोणावर बहिष्कार?

मंडळी, नमस्कार. आज बोलायचंय ते एकाच शब्दाबद्दल, बहिष्कार. सकाळच्या पेपरात तुम्हाला तो भेटलाही असेल. परीक्षेवर बहिष्कार, मतदानावर बहिष्कार, आणि अधिवेशनाच्या तोंडावर विरोधकांचा मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर बहिष्कार, हा मथळा तर वर्षानुवर्षं ठरलेला. माझं म्हणणं असं की या शब्दाच्या आधी जो 'वर' येतो, तो कशाला लागलाय हे आधी बघावं. मालाला की माणसाला?

चहापान म्हटलं की मला याच शहरातला दुसरा चहा आठवतो. तो सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. गुरुवार पेठेत पंचहौद हे ख्रिस्ती मिशन आहे, तुमच्यातले निम्मे त्या मनोऱ्यावरून रोज जात असतील. 1890 च्या ऑक्टोबरात तिथे पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झालं आणि चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती समोर ठेवली. या सगळ्यामागे होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. थोड्याच दिवसांत हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव' पत्रात छापून आली आणि गावात वणवा पेटला. ख्रिस्ती मिशनात चहा म्हणजे धर्म बुडाला, यांना जातीबाहेर काढा, अशी ओरड झाली. अशा वादाला तेव्हा ग्रामण्य म्हणत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले. 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तर सुधारक मित्र त्यांच्यावर नाराज झाले. एका कपासाठी! आपण हसतो, पण मुंज काढायची आणि भटजी उंबरा चढत नाही, श्राद्धाचं पान वाढलंय आणि ब्राह्मण मिळत नाही, हे ज्या घरात घडलं तिथे कोणी हसत नव्हतं.

माझी आजी 'बहिष्कार' म्हणत नसे, 'वाळीत टाकलं' म्हणे. तिच्या माहेरी एका चुलत घराला पंचांनी वाळीत टाकलं होतं. लग्नाच्या मांडवात पत्रावळी मांडल्या, पाणी शिंपडून झालं, वरणभात निवत गेला आणि पंगतीला कोणी बसलंच नाही. शेवटी नवऱ्या मुलीच्या आईने एकेक पत्रावळ उचलून चवड लावली. आजी हे सांगताना हाताने ती चवड करून दाखवायची. मी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळतो, पानं बोटात तुटतात, आणि हा शब्द दिसला की मला तिचे हात दिसतात.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. मग खरा मुद्दा घाईने मांडतो.

आयर्लंडमध्ये 1880 साली कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सगळे व्यवहार तोडले आणि त्याचं आडनाव इंग्रजीत क्रियापद झालं. 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली, विलायती माल नाकारायची हाक आली. बंगालीत बॉयकॉट हाच शब्द रुळला. मराठी संपादकांच्या घरात मात्र शब्द तयार होता. जातीबाहेर काढायचा तो बहिष्कार आता मँचेस्टरच्या कापडाला लागला. वरून खाली पडणारी शिक्षा खालून वर उगारलेलं हत्यार झाली. 1905 च्याच ऑक्टोबरात पुण्यात लकडी पुलापलीकडे विलायती कापडाची होळी झाली, आणि त्यात पुढे असलेल्या सावरकरांना कॉलेजने 10 रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. बघा, जुना अर्थ काही मेला नव्हता. स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या रांगेत बहिष्कार बसला आणि मानाचा झाला.

त्याच वेळी लाखो माणसांच्या पाठीवर जुना अर्थ होता तसाच होता. बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्याचं पाणी प्यायले, आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. ज्याच्यावर बहिष्कार पडलाय त्याने तोच शब्द पत्राच्या माथ्यावर छापला. मला मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात याहून ताकदीचं शीर्षक दिसत नाही.

आणि माझी तक्रार आजच्या मथळ्यांशी आहे. 'कुटुंबावर बहिष्कार', बस्स. टाकला कोणी? कुटुंबाचं आडनाव, गाव, मुलीचं वय, सगळं छापतात आणि पंच मात्र 'काही जण' असतात. 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2017 च्या जुलैपासून लागू आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा दाखल झाला असेल तर आरोपींची नावं मथळ्यात घ्या, आणि त्या मुलीचं नाव झाका.

वेळ संपली. बाहेर टेबलावर 'बहिष्कृत भारत'च्या अंकांची शासनाने पुनर्मुद्रित केलेली प्रत ठेवली आहे. जाताना पहिलं पान उघडून बघा.