शेतातला पांढरा बूट

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय तीन गोष्टींवर. शेत, जुनं घर आणि परवडेल असं राहायला छप्पर. सरकारात यांची तीन टेबलं. खरं घरात तिन्ही एकाच माणसाच्या डोक्याला ताप असतो. आमच्या काकांचंच सांगतो.

काकांचं घर बेळगावच्या शहापुरात. पुढं ओटा, मधे सोपा, मागं मागाची खोली. माग कधीच बंद पडलेला, आता तिथं लाकडं, मोडका पाळणा आणि मांजरीची पिल्लं. शेत येळ्ळूर रस्त्याला, एकरभर भाताचं. धाकट्याचं लग्न ठरलं तशी घरात जागा पुरेना. जो तो एकच सांगे, शेताचे प्लॉट पाडा, तीन गुंठ्यांत पोराला स्लॅबचं घर बांधा, उरलेले विका.

ऐन जुलैत एजंट आला. पायात पांढरे बूट, हातात रंगीत नकाशा. नकाशात रस्ते होते, बाग होती, बागेत झोपाळाही होता. काका म्हणाले, "या की ओ, साईट बघूया." बळ्ळारी नाला तुडुंब होता. काकांनी त्याला बांधावरून न्यायचं सोडून सरळ चिखलात घातलं. चार पावलांत त्याचा डावा पाय गुडघाभर आत. ओढला तर पाय आला, बूट राहिला. काका गंभीरपणे म्हणाले, "तुमचा बूट माझ्या रानात राहिलाय. उताऱ्यावर त्याचं नाव लावू काय?" मी छत्री धरून बांधावर उभा, हसू आवरेना. एजंट एका बुटानं गाडीत बसला.

रात्री मात्र कोणी हसेना. लग्न तोंडावर आलेलं. काका बूट-बूट करत बसले होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मागाची खोली काय मांजरांसाठी ठेवलीय?"

झालं. खानापूरची कौलं चाळून घेतली, फुटकी तेवढी बदलली. मातीची भिंत लिंपली. संडास-न्हाणी आत घेतली, कारण सून त्याशिवाय येणार नव्हती, आणि बरोबरच होतं तिचं. नव्या घराच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शात काम उरकलं. शेत वाचलं, घर वाचलं, पोराला छप्पर मिळालं.

त्या शेतातला बासमती काकू पातेल्यातच शिजवतात. बासमती कुकरला लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. शिट्टीबरोबर सगळा वास शेजारी. असो.

तर शेत, जुनं घर, छप्पर. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं १९८७ साली कायदा करून या तिन्हींसाठी एकच निधी उभारला. शेतकऱ्याला पैसे देऊन शेतावरचा बांधकामाचा हक्क तेवढा काढून घ्यायचा. शेत त्याचंच, पीक त्याचंच, प्लॉट मात्र कधीच नाही. त्याच निधीतून जुन्या इमारती दुरुस्त करून तिथं बेताच्या मिळकतीची कुटुंबं राहायला आणायची. अमेरिकेतच जमीन संस्थेची आणि घर राहणाऱ्याचं अशीही पद्धत आहे. तिची सुरुवात १९६९ साली जॉर्जियात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी झाली, आणि तिच्यामागं एक प्रेरणा होती आपल्या विनोबांच्या ग्रामदानाची, म्हणजे जमीन साऱ्या गावाच्या नावे करायच्या चळवळीची. आपलंच बी, उगवलं तिकडं.

आपल्याकडं बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीला, १२०४ सालच्या जैन मंदिराला, पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, ते हवंच. खरं शहापूर-वडगावातल्या कुलूप लागलेल्या कौलारू घरांना कोण विचारतो? मालक पुण्या-मुंबईला, पावसात वासे कुजताहेत, आणि भाड्यानं खोली शोधणारी पोरं गावाबाहेर पाणी साठणाऱ्या प्लॉटवर घर बांधताहेत. दुरुस्तीला पैसे द्यायचे आणि ठरलेल्या भाड्यानं ठरावीक वर्षं घर द्यायचं, एवढा करार महापालिका, मालक आणि भाडेकरू यांच्यात झाला तरी पुष्कळ होईल. शेतावरचा ताणही तेवढा कमी होईल.

आणि हो, तो बूट. पुढच्या वर्षी चिखलणीला सापडला. काकांनी धुऊन ओट्यावर ठेवलाय. न्यायला अजून कोणी आलेलं नाही.