चौदा विजय, पाचवा नंबर

(दृश्य : रात्रीचं डेट्रॉइट. फोर्ड फील्ड स्टेडियमच्या दारांशी निळ्या जर्सींची गर्दी.)

निवेदन :

५ जानेवारी २०२५. डेट्रॉइटमध्ये रविवारची रात्र, आठ वाजून वीस मिनिटं. आपल्याकडे सोमवार उजाडलाय, सातला दहा कमी आहेत. मोटार उद्योगाच्या निमित्तानं डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये, नोव्हायमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतून या वेळी भारतात फोन लागला, तर पलीकडून 'मॅच संपल्यावर बोलू' एवढंच ऐकू येण्याची शक्यता जास्त.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला हा साखळीचा शेवटचा सामना. डेट्रॉइट लायन्स विरुद्ध मिनेसोटा व्हायकिंग्ज. दोघांचे १६ सामने झालेत, दोघांनीही १४ जिंकलेत. दोघंही बाद फेरीत आधीच पोचलेत. म्हणजे आज हरणाराही घरी जाणार नाही.

तरीही साखळीतल्या सामन्यावर एवढं काही टांगलेलं क्वचितच असतं. जिंकणारा बाद फेरीत पहिल्या क्रमांकावर जाईल आणि हरणारा थेट पाचव्या. मधला दुसरा, तिसरा, चौथा क्रमांक या दोघांपैकी कुणालाच मिळू शकत नाही.

(दृश्य : पडद्यावर नकाशा. ३२ संघांची चिन्हं, मग चार-चारचे आठ पुंजके.)

कारण नियम. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. सोळा-सोळाच्या दोन कॉन्फरन्स, आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार-चार संघांचे चार विभाग. सतरा सामन्यांची साखळी संपली की प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ पुढे जातात. त्यात पहिली चार मानांकनं विभागविजेत्यांसाठी राखीव, मग त्यांचे विजय कितीही कमी असोत. उरलेल्यांतले सर्वोत्तम तीन संघ त्यांच्या खाली. त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात.

लायन्स आणि व्हायकिंग्ज एकाच विभागातले. एका विभागाला विजेता एकच. त्यामुळे आज जो हरेल तो कितीही बलाढ्य असला तरी वाइल्ड कार्ड. त्याच वेळी कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस रॅम्स हा संघ फक्त दहा विजय घेऊन निवांत बसलाय. त्याच्या विभागात सिअ‍ॅटलचेही दहाच झाले होते. मग 'ज्यांना हरवलं ते संघ किती भक्कम होते' या निकषावर विभाग रॅम्सचा ठरला. सिअ‍ॅटल बाहेर, रॅम्स चौथे. आज हरणारा या रॅम्सच्या घरी खेळायला जाणार.

रॅम्सनी तर शेवटच्या सामन्यात आपला क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, मॅथ्यू स्टॅफर्डला बसवूनच ठेवलं. हरले. जिंकले असते तर तिसरं मानांकन मिळालं असतं. ते सोडून त्यांनी विश्रांती घेतली. हा हिशेब डोक्यात असू द्या, पुढे लागेल.

आणि पहिल्या क्रमांकाला काय मिळतं? पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळता पुढे चाल. २०१९ पर्यंत प्रत्येक कॉन्फरन्समधल्या पहिल्या दोन संघांना ही सवलत होती. २०२० पासून ती एकालाच आहे, त्यामुळे पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर एकदम वाढलं. शिवाय अंतिम सामना सोडून बाकी सगळे सामने घरच्या मैदानावर. अंतिम सामन्याचं, सुपर बोलचं, ठिकाण मात्र कितीतरी आधी ठरलेलं असतं.

आयपीएल पाहणाऱ्यांना हे जरा वेगळं वाटेल. तिथे प्लेऑफची मैदानं आधी ठरतात आणि तक्त्यात वर राहिल्याचं बक्षीस म्हणजे एक जादा संधी. इथे जादा संधी नाही. एक हार आणि मोसम संपला. बक्षीस म्हणून मिळते ती जागा.

(दृश्य : स्टेडियमच्या आतला आवाज. क्वार्टरबॅक दोन्ही हात हेल्मेटच्या कानांवर दाबून उभा.)

घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नेमकं काय, हे इथे कानांनी समजतं. प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हाकेवर सुरू होते. अकरा जणांना ती हाक ऐकू यायला हवी. पाहुण्यांची चाल असली की यजमानांचे प्रेक्षक घसा फोडून ओरडतात. आपल्या संघाची चाल आली की तेच हजारो लोक गप्प होतात, एखाद्या शाळेत इन्स्पेक्टर यावा तसे. मग पाहुणे हाकेऐवजी खुणांवर खेळतात. समोरच्या दांडग्या बचावपटूला बाहेरून चेंडू हलताना दिसतो, आणि त्याला अडवणाऱ्याचा अर्धा जीव खुणेकडे लागलेला असतो. क्षणाचा उशीर झाला तर क्वार्टरबॅक आडवा. क्षणभर आधी हलला तर पाच यार्डांचा दंड.

२०२० मध्ये करोनामुळे स्टेडियमं बरीचशी रिकामी होती. त्या मोसमात यजमान संघांनी १२७ सामने जिंकले, १२८ गमावले, एक बरोबरीत सुटला. हा आकडा पाहून काही जण म्हणतात, घरचा फायदा म्हणजे फक्त आरडाओरडा. मला ते पुरतं पटत नाही. प्रवास नाही, आपला बिछाना, आपली हवा, यांचं वजन आकड्यात सहज दिसत नाही, इतकंच.

डेट्रॉइटच्या बाबतीत तर हवा हा मोठा मुद्दा होता. फोर्ड फील्डला छप्पर आहे. २००२ मध्ये उघडलेल्या या स्टेडियमच्या एका बाजूला हडसन्स या जुन्या दुकानाचं विटांचं गोदामच सामावून घेतलंय. आत वारा नाही, बर्फ नाही. लायन्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ अचूक फेकीचा खेळाडू, कोरड्या हातांनी खेळायला मिळालं की खुलणारा. लायन्स पहिले आले तर सगळे सामने या छपराखाली, आणि त्या वर्षीचा सुपर बोल न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, म्हणजे तोही छपराखाली. जानेवारीत अमेरिकेच्या उत्तरेत खेळून एकदाही आभाळ न पाहता विजेतेपदापर्यंत जाण्याचा रस्ता.

(दृश्य : जुनी चित्रं. रिकाम्या खुर्च्या, डोक्यावर कागदी पिशव्या घातलेले प्रेक्षक.)

आणि हे शहर वाट पाहून थकलेलं. लायन्सनी २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने गमावले होते. ५ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी डॅलसला ३८-६ असं हरवलं, त्यानंतर बाद फेरीतला पुढचा विजय थेट जानेवारी २०२४ मध्ये आला. बत्तीस वर्षं. त्या महिन्यात त्यांनी घरच्या मैदानावर ओळीनं दोन सामने जिंकले. तिसरा मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या अंगणात होता. दोघांचेही साखळीत बारा विजय, पण पहिलं मानांकन सॅन फ्रान्सिस्कोचं. मध्यंतराला लायन्स २४-७ असे पुढे होते. हरले ३४-३१. सुपर बोल तीन गुणांनी हुकला.

पुढचा अख्खा मोसम लायन्स त्या तीन गुणांशी भांडत खेळले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांचा सर्वांत धोकादायक बचावपटू एडन हचिन्सन याचा पाय डॅलसमध्ये मोडला. पुढच्याच रविवारी ते मिनेसोटात जाऊन ३१-२९ असे जिंकले. शेवटच्या काही सेकंदांत ४४ यार्डांवरून किक मारली जेक बेट्सनं. हा गडी काही काळापूर्वीपर्यंत विटा विकायची नोकरी करत होता.

डिसेंबर संपता संपता आणखी एक गंमत झाली. ३० डिसेंबरला लायन्सचा सामना पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत होता. आदल्या दिवशी व्हायकिंग्ज जिंकले होते, त्यामुळे या सामन्याचा निकाल काहीही लागला तरी पहिलं मानांकन शेवटच्या रविवारीच ठरणार होतं. कुठल्याही हिशेबी प्रशिक्षकानं मुख्य खेळाडूंना बसवलं असतं. लायन्सचा प्रशिक्षक डॅन कॅम्पबेलनं सगळ्यांना उतरवलं आणि ४०-३४ असा सामना जिंकला. हे शहाणपण होतं की हट्ट, यावर डेट्रॉइटमध्ये आजही वाद घालता येईल. आधीच जखमींची यादी लांबलेली असताना मी असा जुगार खेळलो नसतो. पण मग मी कॅम्पबेलही नाही.

(दृश्य : ५ जानेवारीचा सामना. हिरव्या मैदानावर निळे आणि पांढरे गणवेश.)

आता त्या रात्रीकडे.

व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड. २०१८ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत न्यूयॉर्क जेट्सनं तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला, मग एका संघाकडून दुसऱ्याकडे ढकलला गेलेला, आणि मिनेसोटात अचानक सूर सापडलेला. ओळीनं नऊ सामने जिंकून त्याचा संघ इथे आलाय. आणि या आवाजात तो पहिल्यापासून घाईत दिसतो. व्हायकिंग्ज पुन्हा पुन्हा लायन्सच्या गोलरेषेजवळ पोचतात आणि तिथून जवळजवळ रिकाम्या हातांनी परततात. मोकळे साथीदार सुटतात, फेक डोक्यावरून जाते. ४१ फेकींपैकी साथीदारांपर्यंत पोचतात त्या १८. अख्ख्या सामन्यात तीन फील्ड गोल, म्हणजे किक मारून मिळालेले नऊ गुण. टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं, एकदाही नाही.

दुसऱ्या बाजूला जमीर गिब्ज. नेहमीचा जोडीदार डेव्हिड माँटगोमेरी जखमी, त्यामुळे धावण्याचा सगळा भार याच्यावर. तो १३९ यार्ड धावतो आणि चार टचडाउन करतो. ३१-९.

सामना संपल्यावर हस्तांदोलन करताना कॅम्पबेल व्हायकिंग्जचा प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेलला म्हणतो, दोन आठवड्यांनी भेटू. त्यात टोमणा नव्हता. एवढ्या चांगल्या संघाशी पुन्हा गाठ पडणारच, असं त्यालाच काय, सगळ्यांनाच वाटत होतं.

लायन्स १५-२, पहिले. व्हायकिंग्ज १४-३, पाचवे. चौदा सामने जिंकून वाइल्ड कार्ड झालेला एनएफएलच्या इतिहासातला पहिला संघ.

(दृश्य : लॉस एंजेलिसच्या डोंगरांवरचा वणवा. मग वाळवंटातलं एक स्टेडियम.)

दोनच दिवसांनी लॉस एंजेलिसभोवती वणवे पेटले. रॅम्सचा सामना ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला हलवावा लागला. ॲरिझोना कार्डिनल्सनं रॅम्सना आणायला आपली विमानं पाठवली, मैदानाच्या टोकांना रॅम्सचं नाव रंगवलं गेलं. कागदावर यजमान रॅम्स, प्रत्यक्षात दोघंही परगावी. घरच्या मैदानाचा मुद्दाच निकालात निघाला, असं म्हणावं तर १३ जानेवारीच्या रात्री विश्रांती घेतलेल्या रॅम्सनी डार्नोल्डला नऊ वेळा आडवं पाडलं. बाद फेरीतल्या विक्रमाची बरोबरी. रॅम्स २७, व्हायकिंग्ज ९. चौदा विजयांचा मोसम पहिल्याच फेरीत संपला.

लायन्स तेव्हा घरी. जखमा शेकताहेत, माँटगोमेरी परत येतोय, वाट पाहताहेत. बायचा आठवडा ज्यासाठी हवा असतो, त्यासाठी तो अगदी तसाच वापरला गेला.

१८ जानेवारीला फोर्ड फील्डवर पाहुणे म्हणून आले वॉशिंग्टन कमांडर्स. सहावं मानांकन. आदल्या मोसमात फक्त चार सामने जिंकलेला संघ, आणि क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स, लीगमधलं पहिलंच वर्ष. आवाजाची सगळी यंत्रणा या मुलासाठी सज्ज होती. आणि तो जणू ग्रंथालयात बसल्यासारखा खेळला. २९९ यार्डांच्या फेकी, एकही चेंडू परक्या हातात नाही. लायन्सनी मात्र पाच वेळा चेंडू घालवला. गॉफच्या तीन फेकी वॉशिंग्टननं पकडल्या, एकदा चेंडू त्याच्या हातून सुटला, आणि पाचवा गेला एका करामतीच्या चालीत, चेंडू झेलणाऱ्या जेमसन विल्यम्सला फेकायला लावलं तेव्हा. ४५-३१.

पंधरा विजय, पहिलं मानांकन, आठवडाभराची विश्रांती, स्वतःचं छप्पर. घरात एक सामना मिळाला, तोच हरले.

(दृश्य : फिलाडेल्फिया, दाट बर्फ. हिरवी जर्सी पांढऱ्या मैदानावरून धावतेय.)

मग हा फायदा गेला कुठे? तो दुसऱ्या क्रमांकाकडे सरकला. फिलाडेल्फिया ईगल्सचं दुसरं मानांकन शेवटच्या आठवड्याआधीच पक्कं झालं होतं. इतकं पक्कं, की एका मोसमात सर्वाधिक यार्ड धावण्याचा एरिक डिकरसनचा १९८४ चा विक्रम मोडायला फक्त १०१ यार्ड कमी असताना त्यांनी आपला चेंडू घेऊन धावणारा खेळाडू सकॉन बार्कली याला शेवटचा सामना खेळवलाच नाही. चाळीस वर्षांचा विक्रम समोर असताना. त्याच बार्कलीनं दोन आठवड्यांनी, १९ जानेवारीला, घरच्या बर्फात रॅम्सविरुद्ध २०५ यार्ड काढले. लायन्स हरल्यामुळे उपान्त्य सामनाही फिलाडेल्फियातच झाला, वॉशिंग्टन ५५-२३ असं हरलं, आणि ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्सच्या छपराखाली ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून सुपर बोल जिंकला.

(दृश्य : मिनेसोटा, मे महिना. सूट घातलेली माणसं एका हॉटेलात शिरताहेत.)

मोसमानंतर नियम बदलण्याचा प्रस्ताव आला. विभागविजेते बाद फेरीत जातीलच, पण मानांकन आणि घरचं मैदान विजयांच्या संख्येवर ठरावं. प्रस्ताव मिनेसोटाचा नव्हता, डेट्रॉइटचा होता. ज्यांना जुन्या नियमानं सगळं दिलं त्यांचाच. हा नियम आधी असता तर चौदा विजयांचे व्हायकिंग्ज पहिल्या फेरीत घरी खेळले असते, रॅम्स कुठेतरी परगावी गेले असते, आणि ५ जानेवारीची रात्र बरीच निवांत झाली असती.

मला विचाराल तर प्रस्ताव न्यायाचा होता. पण नियम बदलायला ३२ पैकी २४ मालकांची मतं लागतात, आणि विभाग जिंकला की घरी एक सामना नक्की, ही हमी सहजासहजी सोडायला कोण तयार होणार? मे महिन्यात मालकांची बैठक मिनेसोटातच झाली. तोवर डार्नोल्ड सिअ‍ॅटलकडे गेला होता. डेट्रॉइटनं प्रस्ताव मागे घेतला, मतदान झालंच नाही.