लाल रेषेतलं सोनं

श्रोतेहो, नमस्कार.

औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भचाचणीची पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर उमटणारी लालसर रेघ बहुतेक पट्ट्यांमध्ये शाईची नसते, सोन्याची असते. पिवळंधमक सोनं लाल कसं झालं?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याचा कण वीसेक नॅनोमीटरचा असला आणि त्यावर प्रकाश पडला, की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन एका लयीत डोलू लागतात. ही लय ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा प्रकाश कणांत जिरतो, तांबडा पार जातो, आणि असे कण मिसळलेलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं दिसतं. कण ८० नॅनोमीटरचा केला तर शोषणाचं शिखर ५५० च्या जवळ जातं, रंग जांभळटाकडे झुकतो. पण खरा फरक पडतो तो दोन कणांमधल्या अंतराने. ते एकमेकांना बिलगले, की शोषण तांबड्या प्रकाशाकडे सरकतं आणि द्रव निळा होतो. मायकेल फॅरेडेने १८५७ साली मीठ घालून हा बदल दाखवला होता. त्याने बनवलेले लाल द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेले आहेत.

आता हा द्रव बनवतात कसा, ते ऐका. ही प्रयोगशाळेतली कृती आहे, स्वयंपाकघरातली नव्हे. आधी काचेची भांडी अम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाने धुवायची, तेही धूर ओढणाऱ्या कपाटातच, आणि नंतर शुद्ध पाण्याने भरपूर खंगाळायची. निम्मे प्रयोग इथेच फसतात, कारण काचेला राहिलेल्या कणांवर सोनं साचतं आणि लहानमोठे कण तयार होतात. मग १०० मिलिलिटर पाण्यात १० मिलिग्रॅम क्लोरोऑरिक आम्ल, म्हणजे सोन्याचं विरघळणारं संयुग. ते धातूच्या चमच्याने घेऊ नका, चमचा खराब होतो आणि सोनंही. द्रव उकळला, की ढवळत ढवळत एक टक्का सोडियम सायट्रेटचं द्रावण एकदम ओतायचं: २ मिलिलिटर घातलं तर साधारण १६ नॅनोमीटरचे कण, १ मिलिलिटर घातलं तर ४० च्या आसपासचे. सायट्रेट कमी, तर कण मोठे. फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट-जांभळी छटा येते. नवखा इथेच घाबरून सगळं ओतून देतो. थांबा, काही मिनिटांत लाल होतं. थंड झालं की फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फ होऊ देऊ नका. गोठला की कण एकत्र येतात आणि पुन्हा सुटत नाहीत.

कणांवर सायट्रेटचा ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ तो भार झाकतं. हीच खोड कणांवर प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन, चिकटवताना कामाला येते. द्रवाचा सामू, म्हणजे पीएच, प्रतिपिंडाच्या समविद्युत बिंदूपेक्षा, म्हणजे ज्या सामूला त्याचा एकूण भार शून्य होतो त्यापेक्षा, अर्ध्या अंकाने वर ठेवायचा. सामू पाहायला कागदी पट्टी वापरा, मीटरचा इलेक्ट्रोड बुडवला तर तो सोन्याने माखतो. एकेक मिलिलिटर द्रवाच्या नळ्यांमध्ये चढत्या प्रमाणात प्रतिपिंड घालायचं, दहा मिनिटांनी प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर दहा टक्के मिठाचं पाणी. ज्यांत प्रथिन कमी पडलं त्या निळ्या होतात. पहिली जी लाल टिकली, तिच्यापेक्षा थोडं जास्त प्रमाण घ्या. कणावरची उरलेली जागा अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाने भरली नाही, तर कण पट्टीवर नको तिथे चिकटतात आणि खोटी रेघ दिसते.

हेच कण साखरेसह पट्टीतल्या छोट्या गादीवर वाळवतात, म्हणजे लघवीचा थेंब पोचताच ते पटकन सुटतात. गर्भारपणाचं संप्रेरक एचसीजी असेल, तर ते एका बाजूने कणावरच्या आणि दुसऱ्या बाजूने पट्टीवर रोवलेल्या प्रतिपिंडाला धरतं, सोनं तिथे दाटतं आणि रेघ उमटते. पलीकडची नियंत्रण-रेघ, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण, आली नाही, तर निकाल धरू नये: द्रव पुढे सरकला नसेल किंवा उघड्या पाकिटात ओल शिरली असेल. आणि पट्टी पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने दिसणारी राखाडी रेघ बहुधा सोन्याची नसते, द्रव वाळल्याची खूण असते.