भिंतीतून येणारी गरमी

नमस्कार मंडळी. आज कोल्ड रूमबद्दल, म्हणजे माल थंड ठेवायच्या खोलीबद्दल बोलू. दार उघडल्यावर शिरणारी हवा, आतला माल, दिवे, यांची गरमी आज बाजूला ठेवू, आज फक्त भिंती, छत आणि फरशीतून झिरपणारी.

हिशोब सोपाय. क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक गुणिले यू व्हॅल्यू, म्हणजे एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॉट गरमी जाते तो आकडा. परत सांगतो, क्षेत्रफळ, फरक, यू. १०० मिलिमीटरचं पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमधे पॉलियुरेथेन फोम, असेल तर यू साधारण ०.२३ धरा. भिंती आणि छत मिळून ८४ चौरस मीटर, बाहेर ३५ अंश, आत २, म्हणजे फरक ३३, गुणाकार आला ६४० वॉटच्या आसपास, आणि हे २४ तास चालूच. गुणाकार कागदावर करा हो, हल्ली मोबाईलवर आकडे टाकतात आणि दशांश चिन्ह सरकलं तरी कुणाला पत्ता नसतो.

आता किस्सा. एका कोल्ड रूमचं मशीन थांबायचंच नाही. मालकाने गॅस चेक केला, कॉइल धुतली, शेवटी म्हणाले मोठा कॉम्प्रेसरच टाकू, कारण काहीही बिघडलं की मोठं घ्या हाच आपला उपाय, टीव्ही असो की गाडी. कोटेशन द्यायला एक म्हातारे मेकॅनिक आले ते मशीनकडे गेलेच नाहीत, बाहेरून भिंतीवर हात फिरवत चालत राहिले. सगळं कोरडं, आणि मागच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तळहात ओला! वर बघतात तर केबलसाठी पाडलेलं भोक, सील न केलेलं. मालक म्हणाले, "काका, कोटेशन?" तर म्हणे, "पॅनल उघडा आधी." उघडलं तर फोम ओलाचिंब, उचलवेना. बाहेरची दमट हवा त्या भोकातून शिरायची आणि थंडाव्याला तिचं पाणी व्हायचं, आणि पाणी कोरड्या पफच्या २५ पट सहज गरमी वाहून नेतं. परत सांगतो, २५ पट. कागदावरची ०.२३ त्या भिंतीला लागूच नव्हती. पॅनल बदललं, भोक बाहेरच्या म्हणजे गरम बाजूने सील केलं, आणि जुनंच मशीन मधे मधे बंद व्हायला लागलं.

फरशीचं राहिलंच. तिथे बाहेरच्या हवेचं नाही, जमिनीचं तापमान घ्यायचं. छतावर थेट ऊन असेल तर ३५ च्या वर काही अंश वाढवून धरायचे. आणि शून्याखालची फ्रीझर रूम असेल तर फरशीखाली इन्सुलेशन आणि हीटर दोन्ही बघा, नाहीतर जमिनीतलं पाणी गोठून फरशी वर उचलते. वेळ संपली, नमस्कार.