गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मित्रांनो, गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येतं आणि सांगतं, "क्लच गेलाय." क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसतो, त्याच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण तेवढ्यावर तो उतरवायला घेऊ नका. ते मोठ्या मजुरीचं काम आहे आणि पैसे त्याच्या खिशातून जाणार आहेत. आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा.

"क्लच गेला" या तक्रारीत दोन अगदी उलटे दोष दडलेले असतात: क्लच पकडत नाही, म्हणजे इंजिनाची ताकद पूर्ण पुढे जात नाही; किंवा सोडत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून सुटत नाही.

पकडत नसेल तर बोर घाटासारख्या चढावर लगेच कळतं. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. खात्री करायची तर गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा, तिसरा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच प्लेट (ताकद पुढे नेणारी अस्तर लावलेली चकती) पकडते आहे. इंजिन चालूच राहिलं तर ती घसरते. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलंत तर चांगली प्लेटही जळेल.

आणि घसरते म्हणजे झिजलीच, असं नाही. क्लचची केबल फार ताणलेली असेल तर पेडल सोडल्यावरही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागावर, दाब देत राहतं. अशा वेळी केबलची ढील कंपनीच्या मापाप्रमाणे लावून पाहा. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर प्लेटवर तेल येतं. सील न बदलता नवी प्लेट बसवलीत तर तीही जाणार.

आता दुसरा दोष. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर रिव्हर्स करकरतो, तेव्हा क्लच पूर्ण सुटत नसतो. इथे बऱ्याचदा दोष बाहेरच सापडतो. केबल लांबलेली असते. केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची पातळी पाहा, स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचं) रबर उचलून आत ओल आहे का तपासा. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलकडच्या सिलिंडरचं) सील गेलंय.

पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल सोडलेलं असताना येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासा. तिथे क्लच सेट बदलून काही साधणार नाही.

एवढं करूनही गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या जड चाकावर) निळे डाग, तडे आहेत का पाहा. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. प्लेट डमी शाफ्टने (मध्य जुळवायच्या दांड्याने) मधोमध धरा, बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, आणि बसवताना गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर लटकू देऊ नका. तिचा हब (मधला भाग) वाकतो.

जुनी प्लेट गिऱ्हाईकाला दाखवा. अस्तर बरंच शिल्लक असून जळून काळं पडलं असेल आणि तेलाचा किंवा केबलचा दोष सापडला नसेल, तर चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची आणि पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय आहे का, ते त्याला विचारा.