पहिलं पान मराठीत

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘सेमीकंडक्टर संशोधनासाठी सरकारी अनुदान : अर्ज कसा करावा’. ते सांगणारच आहे. पण आधी ही पिशवी पुढच्या रांगेपासून फिरवा. आत उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतली, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यातली, साच्याची वाळू आहे. बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, म्हणून काळी दिसते. खुशाल हात घाला, धुतला की जातं.

माझा पहिला अर्ज लिहायला मला चार महिने लागले होते. त्यात धूळ नसलेली क्लीन रूम होती, भट्टी होती, चिप तपासायचं प्रोब स्टेशन होतं. वाक्यं तर अशी भारदस्त, की देशाची चिपची सगळी गरज आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच भागणार! सादरीकरणाला बोलावलं. समितीतल्या एका वयस्क बाईंनी एकच प्रश्न विचारला : हे सगळं झालं, तर तुमच्या गावात कोणाचं काम सोपं होईल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ज नामंजूर झाला. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं परत येताना धारवाड, लोंढा मागे पडलं की नाही याचंही भान नव्हतं. तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पुढच्या महिन्यात माझा एक विद्यार्थी मला वडिलांच्या फौंड्रीत घेऊन गेला. तिथं एक म्हातारे मोल्डर होते, साच्यांवर आयुष्य गेलेले. मिक्सरमधून त्यांनी मूठभर वाळू उचलली, दाबली, मूठ उघडली. तळव्यावर गोळा, त्यावर चार बोटांचे ठसे. मग दोन्ही हातांनी तो मधोमध मोडला आणि मोडलेली कड डोळ्यांजवळ नेऊन बघितली. कड तुटक, स्वच्छ. मिक्सरवाल्याला कन्नडमध्ये म्हणाले, “साकु.” आणि मला मराठीत, “आता पाणी नको.”

वाळूत पाणी साधारण तीन-चार टक्के हवं. जास्त झालं तर तापलेल्या लोखंडाखाली त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल म्हणजे पोकळ भोकं पडतात. कमी झालं तर साच्याची कड ढासळते. एवढासा फरक त्या मुठीला कळत होता. आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, “सर, मी दोन वर्षांत घरी बसणार. पोरं कोण हे शिकूलेत? माझा हात गेल्यावर काय करणार?”

त्या रात्री मी एक पान लिहिलं, मराठीत. आज मला खरं सांगायचंय ते हेच : अर्जाचं पहिलं पान आपल्या भाषेत लिहा. पोर्टलवर जाणारा अर्ज इंग्रजीतच असेल, असू दे. पण इंग्रजीत लिहायला बसलं की तयार वाक्यं चालून येतात. ‘नॉव्हेल’, ‘स्टेट ऑफ द आर्ट’, ‘पॅराडाइम’. मराठीत ती येत नाहीत. मराठीत लिहावं लागतं की कोणाचं, कुठे, काय अडलंय. मी भाषेच्या वादासाठी उभा नाही. माझ्या सहसंशोधकानं त्याचं पहिलं पान कन्नडमध्ये लिहिलं, आणि ते माझ्यापेक्षा सरस होतं.

त्या पानातूनच प्रश्न निघाला. विद्युतभार साठवायला पदार्थ किती मदत करतो, ते डायइलेक्ट्रिक स्थिरांक सांगतो. पाण्याचा सुमारे 80, कोरड्या वाळूचा 4 च्या आसपास. म्हणजे कपॅसिटन्स, भार साठवण्याची क्षमता, मोजला की ओलावा कळायला हवा. बाजारात तशा चिप मिळतात, पण या वाळूत त्या फसतात. कोळशाची पूड आणि ओली माती यांतून करंट गळतो, शिवाय ओतकामातून परत आलेली वाळू गरम असते. तेव्हा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर मोजून गळती आणि कपॅसिटन्स वेगळे करणारी छोटी चिप हवी. हा अर्ज मंजूर झाला.

आणि आता जे सांगतो ते सांगताना अजून त्रास होतो. पैसे कॉलेजच्या खात्यावर आले आणि तिथंच पडून राहिले. खरेदी समितीची बैठकच लागेना. प्रकल्पावर घेतलेल्या मुलाला पाच महिने फेलोशिप नाही. खोलीचं भाडं तो मित्रांकडून उसनं घेऊन भरायचा, आणि मला सांगायचाही नाही. 31 मार्च आला, रक्कम शिल्लक, पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र निघेना, म्हणून दुसरा हप्ता अडला. मुलगा बंगळूरला नोकरीला गेला. हुशार होता हो! मंजुरी मिळाल्यावर संस्थेनं आपल्याच माणसाचे हाल करणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. इथं संस्थाचालक बसलेत, त्यांनी हे ऐकावं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. भराभर सांगतो, लिहून घ्या.

यंत्रं मागू नका, वापरायला मागा. आयएनयूपी या केंद्राच्या योजनेतून बंगळूरची आयआयएससी, मुंबईची आयआयटी यांच्या नॅनोफॅब्रिकेशन, म्हणजे अतिसूक्ष्म उपकरणं घडवण्याच्या, प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांना खुल्या आहेत. डिझाइनची सॉफ्टवेअरं महाग असतात, ती बंगळूरच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं चिपइन केंद्र पुरवतं. ‘चिप्स टू स्टार्टअप’ ही केंद्राची योजना 2022 पासून आहे, चिप डिझाइनचे 85,000 अभियंते घडवण्याचं उद्दिष्ट. कॉलेजांनी तिथं बघावं. आमच्या सेन्सरसारख्या कामाला तीन नॅनोमीटरची, म्हणजे सगळ्यात बारीक रचनेची, चिप लागत नाही. मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्याची 180 नॅनोमीटरची प्रक्रिया पुरते, आणि एका वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, अनेकांची डिझाइनं बसवली की खर्च वाटला जातो.

मूलभूत प्रश्न असेल तर एएनआरएफ, संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था. ती 2023 च्या कायद्यानं आली, पूर्वीचं अनुदान मंडळ एसईआरबी त्यातच गेलं. चिप डिझाइनची कंपनी काढली असेल तर केंद्राची डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह योजना : पात्र खर्चाच्या 50 टक्क्यांपर्यंत परतावा, कमाल 15 कोटी. पण परतावा म्हणजे आधी खिशातून घालायचे, हे ध्यानात ठेवा. नुसता नमुना बनवायचाय? निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेत 10 लाखांपर्यंत मिळतात.

बजेटमध्ये माणसांचा पगार, प्रवास, चाचणीच्या बोर्डांचा खर्च आधी मांडा, उपकरणं नंतर. चिप बनून आल्यावर ती तपासायला पैसे नाहीत, अशी पाळी फार जणांवर येते. जीएफआर, म्हणजे सरकारच्या वित्तीय नियमांतला, 12-ए हा उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना, तो मंजुरीच्याच दिवशी हिशेबनिसांच्या हातात द्या आणि प्रत्येक बिलाची प्रत स्वतःकडे ठेवा. फौंड्रीमालकाचं पत्र जोडा, पण ‘शुभेच्छा’वालं नको. वाळू देईन, मिक्सरजवळ जागा देईन, आठवड्यातले इतके तास देईन, असं लिहिलेलं हवं.

वेळ संपला. खानापूर, निपाणी, चिकोडीहून मुलं आलीत, त्यांची शेवटची बस चुकायला नको. येत्या रविवारी सकाळी दहाला मी याच सभागृहात बसणार आहे. पहिलं पान घेऊन या, हातानं लिहिलेलं चालेल. आणि ती पिशवी माझ्याकडे परत द्या, मोल्डरकाकांना ती दाखवायचीय.